चीड आहे, मत नाही: ठाण्यात विरोधक कुठे अडतात

गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की घोडबंदर रोड ठप्प होतो. कासारवडवलीकडच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात. दिव्याला सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. इतकी चीड असताना ठाण्यात विरोधी पक्षांना चांगले दिवस असायला हवे होते. 2024 च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात 48 पैकी 30 जागा जिंकल्या, पण ठाणे हरले. सहा महिन्यांनी विधानसभेला आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांचे मिळून 46 आमदार आले. विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा 288 चा दहावा हिस्साही एकट्या कुठल्याही पक्षाकडे नव्हता.

पैसा, यंत्रणा, फोडाफोडी ही कारणे खोटी नाहीत. पण तेवढी सांगून विरोधक मोकळे होतात, आणि मला तेच सर्वांत जास्त खटकते. गळती वॉर्डात आहे. माणूस काम घेऊन एकदा येतो, दुसऱ्यांदा यावे असे त्याला काही मिळत नाही.

एका सोसायटीच्या पाण्याचेच घ्या. माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत सहायक आयुक्तांना निवेदन देतात, फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात. विषय तिथेच संपतो. त्या निवेदनावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेला नसेल तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र कशाच्या आधारावर देणार? सोबत तीन महिन्यांची टँकरची बिले, पाणी किती वाजता येते-जाते याची आठ दिवसांची नोंद आणि नळजोडणीचा व्यास हवा. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात ‘पाणी कमी का येते’ असे विचारले की अर्ज वाया जातो, कारण कार्यालयाला ‘का’चे उत्तर तयार करून द्यावे लागत नाही, असलेली नोंद द्यावी लागते. म्हणून जलकुंभातून कोणत्या दिवशी किती वेळ पाणी सोडले, त्या नोंदवहीची प्रत मागायची. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. हे सगळे दोन-तीन महिन्यांचे काम आहे. तोवर कार्यकर्ता दुसऱ्याच आंदोलनात गेलेला असतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी सत्ताधारी आमदाराच्या कार्यालयात.

पूर्वी ही चिकाटी नगरसेवकाकडे असायची. विरोधी बाकावरचा नगरसेवक सर्वसाधारण सभेत लक्षवेधी मांडायचा, स्थायी समितीत विषय अडवायचा, कनिष्ठ अभियंता त्याचा फोन उचलायचा. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासक बसले, ते थेट जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत. या काळात सत्ताधाऱ्यांकडे मंत्रालय होते, विरोधकांकडे बोलायला सभागृहच उरले नाही. ठाण्यात तर 1967 पासूनचे राजकारण शिवसेनेच्या शाखेवर उभे. टेंभी नाक्यावर आनंद दिघेंकडे माणूस तक्रार घेऊन यायचा आणि निकाल घेऊन जायचा, ही इथल्या मतदाराच्या मनातली मोजपट्टी आजही तीच आहे. 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ठाण्यातले तिचे जवळपास सगळे माजी नगरसेवक एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. चिन्हाचा निकाल पुढच्या फेब्रुवारीत लागला, पण कुठल्या चाळीत कोण आजारी, कोणाचे रेशनकार्ड अडले, ही सगळी माहिती त्याआधीच गेली होती.

लाडकी बहीण योजनेत हे फार स्पष्ट दिसले. जुलै 2024 मध्ये महिना 1,500 रुपयांची योजना आली. वय 21 ते 65, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, एवढी एक गोष्ट नीट सांगणारा माणूस वस्तीत मिळाला की बाईची तलाठ्याकडची खेप वाचत होती. नंतर पैसे अडले ते बहुतेक बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने किंवा नाव जुळत नसल्याने. तिथे टेबल टाकून बसणे, झेरॉक्स काढून देणे, बँकेत सोबत जाणे, ही कामे कोणत्याही पक्षाला करता आली असती. विरोधकांनी आधी तिजोरीवरच्या बोजाची चिंता केली आणि निवडणुकीत स्वतःच 3,000 रुपयांचे आश्वासन दिले. ज्या बाईच्या खात्यात ऑगस्टमध्ये पैसे पडले होते, तिने या दोन्ही गोष्टींवर विश्वास का ठेवावा?

कळवा-मुंब्र्यात त्याच निवडणुकीत जितेंद्र आव्हाड मोठ्या फरकाने निवडून आले. तिथल्या मतांची जडणघडण वेगळी आहे, हे मान्य. पण वर्षानुवर्षे उपलब्ध असलेला माणूस तिथे होता, हेही तितकेच खरे.

चार सदस्यांचा प्रभाग ही आणखी एक अडचण. ठाण्यात 33 प्रभागांत 131 जागा. 2011 च्या जनगणनेच्या हिशेबाने एका प्रभागात पंचावन्न हजारांवर लोक. अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची. आघाडी झाली तरी अ ला मशाल, ब ला पंजा, क ला तुतारी वाजवणारा माणूस हे मतदाराला पाठ करून घ्यावे लागते. त्यासाठी घरोघरी निदान दोन फेऱ्या हव्यात, आणि तेवढी माणसे नसतात.

माणसे नसल्याचा फटका सर्वांत जास्त बूथवर बसतो. विधानसभेला सात वाजता मतदान सुरू होते, त्याआधी दीड तास किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान (मॉक पोल) होते. म्हणजे एजंट साडेपाचला केंद्रावर हवा. साडेसहाला पोहोचला तर यंत्रातली ती मते पुसली का, हे त्याने पाहिलेलेच नसते. संध्याकाळी नमुना 17-क ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सहीची प्रत घेतली नाही, तर मोजणीच्या टेबलावर त्या केंद्राचा आकडा ताडून पाहायला हातात काही नसते.

नवी मुंबईतल्या बेलापूरला 2024 मध्ये तुतारीवरचे उमेदवार 377 मतांनी हरले. मतदार यादीच्या हजार-बाराशे नावांच्या एका भागाचा हा तिसरा हिस्सा. नवी मुंबईत भाडेकरू अकरा महिन्यांच्या कराराने सेक्टर बदलत राहतात. घणसोलीहून नेरुळला आलेल्या कुटुंबाचे नाव जुन्या यादीतच पडून राहते आणि मतदानाच्या दिवशी ते कुटुंब घरी बसते. नमुना 8 भरला की नाव नव्या पत्त्यावर येते. हा अर्ज मोबाइलवरही भरता येतो, आधार आणि नोंदणीकृत भाडेकराराची प्रत पुरते. मात्र तो उमेदवारी अर्जांच्या धावपळीआधी, यादीच्या पुनरीक्षणाच्या वेळी, सोसायटीच्या गेटवर रविवारी सकाळी उभे राहून भरून घ्यावा लागतो.