आलिसन कोणाच्या खात्यात?

फुटबॉलवरच्या थेट चर्चेच्या कार्यक्रमात माझं काम पडद्यामागचं. आकडे काढायचे, तपासायचे, पडद्यावर झळकणारी पाटी तयार करायची आणि कार्यक्रम चालू असताना कोणी काही ठोकून दिलं, तर सूत्रसंचालिकेच्या कानात खरी माहिती पोचवायची. पेनल्टी, ऑफसाइड, रेफ्री यांवरची भांडणं नेहमीचीच. त्यांत नियम काढून दाखवला की विषय संपतो. त्या संध्याकाळचं भांडण मात्र मैदानात न उतरणाऱ्या माणसावरून होतं, आणि त्याच्यासाठी नियमांचं कुठलंच पुस्तक नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये मोंचीने इंग्लंडचा ॲस्टन व्हिला क्लब सोडल्याची बातमी आली आणि संपादकांना विषय मिळाला. मोंची जादूगार की नुसतंच फुगवलेलं नाव? मला हा मथळा पटला नव्हता, पण मथळे मला विचारून ठरत नाहीत. माझ्याकडून हवी होती एक पाटी : त्याने घेतलेले खेळाडू, विकलेले खेळाडू, दोन्हीतला फरक, आणि तळाशी ठळक अक्षरांत बेरीज. संपादकांचं म्हणणं असं की प्रेक्षक बेरीज वाचतो, बाकीचं नाही.

ज्यांना हा गडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव रामोन रोद्रिगेझ वेर्देहो. स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचाच गोलरक्षक. २००० साली क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरलेला आणि तिजोरी रिकामी, अशा वेळी तो स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा, झाला. स्वस्तात हेरायचं, तयार करायचं, महाग विकायचं, आणि विकलेल्याच्या जागी नवा आधीच शोधून ठेवायचा. दानी आल्वेस बाहियाहून आला आणि पुढे बार्सिलोनाला गेला. घरच्याच अकादमीतला सेर्हियो रामोस २००५ मध्ये रेआल माद्रिदला विकला. २००६ आणि २००७ चा यूएफा कप, मग २०१४, २०१५, २०१६ अशी ओळीने तीन वर्षं युरोपा लीग. एवढं झाल्यावर एप्रिल २०१७ मध्ये तो इटलीतल्या रोमाला गेला. भांडण या रोमाच्या जेमतेम दोन वर्षांवरून होतं, व्हिला निमित्तमात्र.

आमच्याकडे पाठीराखे फोनवरून बोलतात. पहिला फोन लिव्हरपूलवाल्याचा. त्याने फक्त आभार मानले : रोमातून आघाडीचा सलाह दिलात, गोलरक्षक आलिसन दिलात, आम्ही २०१९ ची चॅम्पियन्स लीग जिंकलो, मोंचीसाहेबांचे उपकार कसे फेडू? सूत्रसंचालिका हसल्या, पाटी पडद्यावर आली आणि लगेच दुसरा फोन जोडला गेला. रोमाचे जुने पाठीराखे. आवाज शांत होता. तो शांतपणा फसवा आहे हे मला वाक्याच्या मध्यावर कळलं.

"मॅडम, तुमच्या पाटीवर आलिसनची विक्री मोंचीच्या जमेला धरली आहे. आलिसनला आणला कोणी? साबातिनींनी. २०१६ मध्ये. मोंची आला तेव्हा तो आमच्याकडे होताच. मग ते सव्वासहा कोटी युरो याच्या खात्यात कसे?"

माहिती चोख होती. वॉल्टर साबातिनी त्याच्या आधीचे स्पोर्टिंग डायरेक्टर. सलाहही त्यांनीच आणलेला. मी कानात सांगितलं, "बरोबर बोलतायत." सूत्रसंचालिकांनी ते मान्य केलं, आणि सेव्हियाचा पाठीराखा तिथेच मध्ये पडला.

"ठीक आहे काका, आलिसन नको त्याच्या खात्यात. पण मग सलाह कवडीमोलाने विकला म्हणून गेली आठ वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडताय, तेही बंद करा. एक तर दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा."

हा मुद्दा मला मनापासून आवडला. सलाह गेला जून २०१७ मध्ये, ४ कोटी २० लाख युरो आणि वर बोनस. यूएफाशी, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेशी, २०१५ मध्ये झालेल्या समझोत्यामुळे रोमाला जमाखर्च जुळवणं भाग होतं आणि आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. गाठीला पैसे हवे होते ते त्या तारखेच्या आत. ऑगस्टमध्ये नेमार २२ कोटी २० लाखांना पॅरिसला गेला आणि सगळ्या बाजाराचे भाव एका झटक्यात चढले. जूनमध्ये जो भाव बरा दिसत होता तो सप्टेंबरमध्ये मूर्खपणाचा ठरला. मधल्या काळात सलाहही बदलला नव्हता आणि मोंचीही.

जाहिरातींच्या वेळात संपादक माझ्या टेबलाशी आले. "बेरीज दुरुस्त कर." मी विचारलं, कुठली करू? ज्याने आणला त्याच्या खात्यात मांडली, तर मोंचीच्या वाट्याला पास्तोरे आणि एन्झोन्झी उरतात. दोघांवर मिळून ५ कोटी युरोंहून जास्त ओतले गेले आणि शेवटी दोघेही क्लबला काही न देता निघून गेले. ज्याने विकला त्याच्या खात्यात मांडली, तर आलिसनच्या जोरावर तोच माणूस धनाढ्य दिसतो. आकडे खरे, दोन्हीकडचे. संपादकांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले, "जी जास्त बोलकी दिसेल ती टाक." मी दोन्ही टाकल्या. त्यांना ते आवडलं नाही, पण वेळ संपली होती.

पाट्या झळकल्या तरी रोमाचे काका बधले नाहीत. त्यांना मुळात पैशाचं बोलायचंच नव्हतं. आता ते २०१८ च्या उन्हाळ्याबद्दल बोलू लागले आणि तिथे मात्र मी टंकलेखन थांबवून ऐकत बसलो. त्या वर्षी एप्रिलमध्ये रोमाने बार्सिलोनाला ३-० हरवलं होतं, पहिला सामना ४-१ ने गमावल्यावर. उपांत्य फेरीत लिव्हरपूलने बाहेर काढलं, एकूण ७-६ असं, आणि घाव घालणाऱ्यांत आघाडीवर कोण, तर सलाह. तरीही रोमाच्या पाठीराख्यांना कित्येक वर्षांनी वाटलं होतं की संघ उभा राहिला. मग उन्हाळा आला. आलिसन गेला. नाइंगोलान इंटरला गेला. स्ट्रूटमन मार्सेला गेला, आणि तोही इटलीतली खरेदीची मुदत संपल्यावर, म्हणजे त्याच्या जागी कोणी आणायची सोयच उरली नाही.

"गोलरक्षक, मधली फळी, सगळं एका उन्हाळ्यात," काका म्हणाले. "घर भाड्याने द्यायचं तर एकेक खोली द्यावी. यांनी खांबच काढून विकले."

आणि माल्कॉम? हे त्यांनी विचारलं नाही, मीच मनात म्हटलं. बोर्दोशी बोलणी पक्की झाल्याचं रोमाने जाहीर करून टाकलं होतं आणि खेळाडू बार्सिलोनाने पळवला. त्यात मोंचीचा दोष किती होता यावर वाद घालता येईल, पण पाठीराखा त्या उन्हाळ्यात किती वैतागला असेल हे समजायला एवढं पुरे.

पुढचं सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये फिओरेन्तिनाकडून ७-१. मार्चमध्ये लाझिओकडून ३-०, त्याच आठवड्यात पोर्तोने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक दि फ्रान्चेस्कोंची हकालपट्टी, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोंचीही क्लबबाहेर. नंतर मालक जेम्स पॅलोटा यांनी जाहीरपणे सांगितलं की मोंचीला सगळे अधिकार दिले होते. मोंचीचं म्हणणं वेगळं होतं, मालकाची वाट आणि आपली वाट एक नव्हती असं. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतील. फुटबॉलमध्ये अधिकार दिले म्हणणारे मालक विक्रीची तारीख मात्र स्वतःच्या हातात ठेवतात, असं माझं मत. ते मी कार्यक्रमात बोलू शकत नाही म्हणून इथे लिहितोय.

तेवढ्यात एका मुलीचा फोन आला. कॉलेजात असावी. तिने कुठलाही क्लब सांगितला नाही, सरळ प्रश्न टाकला. "काका, २०२२ मध्ये तिरानाला रोमाने कॉन्फरन्स लीग जिंकली. त्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळलेले पेलेग्रिनी, क्रिस्तांते, कार्सडॉर्प आणि झानिओलो. चौघे कोणी आणले?"

मी घाईघाईने पडताळलं. चौघेही मोंचीच्या काळातले. एकमेव गोल झानिओलोचा. चषक उचलणारा कर्णधार पेलेग्रिनी. आणि गंमत अशी की झानिओलो आला तो नाइंगोलानच्याच सौद्यात, म्हणजे ज्या विक्रीवरून सगळ्यात जास्त शिव्या पडल्या त्यातून. तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, एकही सामना खेळलेला नव्हता.

"तो वजन भरायला टाकलेला होता," काका म्हणाले. आवाज आता चढला होता.

"वजन भरायला कोण टाकायचा हेही कोणीतरी ठरवलंच ना?" सेव्हियावाला.

"ठरवलं असेल. पण त्या मुलाने गोल करेपर्यंत आमची चार वर्षं गेली आणि मोंची तोवर कुठे होता? तुमच्याकडे!"

आता सेव्हियावाल्याने आनंदाने होकार द्यायला हवा होता. कारण मोंची परतल्यावर सेव्हियाने २०२० मध्ये इंटरला हरवून युरोपा लीग जिंकली, आणि २०२३ मध्ये बुडापेस्टला पुन्हा जिंकली, तीही रोमालाच पेनल्टींवर हरवून. काकांना डिवचायला याहून चांगली संधी नव्हती. तो मात्र गप्प झाला आणि मग म्हणाला, "खरं सांगू का काका? त्या वर्षी आम्हीही त्याच्यावर चिडलेलो होतो."

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. त्याने सांगितलं आणि मी शोधत गेलो. २०२१-२२ मध्ये सेव्हिया ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, चौथा. २०२२ च्या उन्हाळ्यात डिएगो कार्लोस गेला व्हिलाला, कुंदे गेला बार्सिलोनाला. बचावाच्या मधोमध उभे राहणारे दोघेही एकदम. पुढच्या हंगामात लोपेतेगी, सांपाओली, मेंदिलिबार असे तीन प्रशिक्षक झाले आणि लीगमध्ये बारावा क्रमांक. युरोपा लीगच्या झगमगाटात तो बारावा क्रमांक बाहेरच्यांना दिसला नाही, पण जो दर आठवड्याला सामना पाहतो त्याने काय पाहिलं असेल!

मी तेव्हा बेरजेच्या दोन्ही पाट्या काढून टाकल्या. परवानगी विचारली नाही. नव्या पाटीवर फक्त दोन उन्हाळे शेजारी-शेजारी मांडले : रोमा २०१८, सेव्हिया २०२२. कोण गेले, आदल्या हंगामात संघ कुठे होता, पुढच्या हंगामात कुठे गेला. रोमा तिसऱ्यावरून सहाव्यावर, सेव्हिया चौथ्यावरून बाराव्यावर. पैशाचा आकडा एकही नाही.

सूत्रसंचालिकांनी ती वाचून दाखवली आणि अर्धा तास एकमेकांचे गळे धरणारे ते दोघे एकाच बाजूला आले. काका म्हणाले, हेच, हेच मी सांगत होतो. सेव्हियावाला म्हणाला, आमच्याकडे पैशाची अडचण होती, तुमच्याकडेही होती, पण अडचण असली तरी दोघांतला एक ठेवता आला असता. मला वाटतं मोंचीवरची खरी टीका ही आहे. खेळाडू ओळखण्यात तो कच्चा नाही, पेलेग्रिनीपासून आल्वेसपर्यंत पुरावे पडले आहेत. पास्तोरेसारखे सौदे तर प्रत्येकाचे फसतात. पण संघातले एकमेकांना धरून उभे असलेले खेळाडू खरेदी-विक्रीच्या एकाच मुदतीत हलवल्यावर नव्यांना स्थिरावायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रशिक्षकाच्या पदरात नसतो. दि फ्रान्चेस्को आणि लोपेतेगी, दोघांनीही त्याची किंमत नोकरीने मोजली. सोशल मीडियावर 'ढोंगी' म्हणणाऱ्यांना हे सांगायचं नसतं, आणि 'जादूगार' म्हणणाऱ्यांना ऐकायचं नसतं.

शेवटची काही मिनिटं व्हिलाच्या पाठीराख्याला मिळाली. त्याची तक्रार उलटीच निघाली. २०२३-२४ मध्ये चौथा क्रमांक, पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, सगळं छान. पण आर्थिक नियमांनी हात बांधलेले, २०२५ मध्ये यूएफाचा दंड, आणि नव्या हंगामाची सुरुवात गोलाविना. मग त्याने विचारलं, आमच्या आघाडीच्या दुरानच्या विक्रीचा नफा कोणाचा? तो जानेवारी २०२३ मध्ये आला, मोंची जूनमध्ये. विकला २०२५ मध्ये, मोंची असताना. सूत्रसंचालिकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले आणि वेळ संपल्याची खूण केली.

बाहेर पडताना संपादक बेरीज काढून टाकल्याबद्दल बोलले, फार नाही, कारण फोन एरवीपेक्षा जास्त आले होते. मग म्हणाले, पुढच्या वेळी जर्मनीतल्या बायर्नचा सालिहामिझिच घेऊ, तिथे मोंचीचंच काम करणारा. २७ मे २०२३, संघाने विजेतेपद पटकावलं त्याच दिवशी त्याला काढलं, लोकांना किस्सा आवडेल, आणि त्याचं प्रगतिपुस्तक तर सोपं आहे, चषक मोजायचे.

मी म्हटलं, "२०२० ची चॅम्पियन्स लीग त्याच्या नावावर मांडू की प्रशिक्षक फ्लिकच्या? त्या दोघांचं तर पटतच नव्हतं."

"तू आधी चषक मोज," म्हणाले आणि वाजणारा फोन उचलून निघून गेले.