खिडकीतला कूलर आणि सोसायटीचा फलक

इमारतीच्या दर्शनी बाजूस कूलरचे लोखंडी स्टँड बसवू नयेत, त्याने इमारतीची शोभा जाते, अशी सूचना यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या फलकावर लागली. नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीही भिंती गरम लागतात, तिथे ही सूचना लिहिणाऱ्याच्या घरी एसी असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कूलर खोलीत ठेवा, असे सुचवण्यात आले. परंतु कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो, म्हणूनच ती गार होते; बंद खोलीत ठेवल्यास तीच दमट हवा पुन्हापुन्हा फिरते आणि तासाभरात अंग चिकट होते. एसीपेक्षा त्याला वीजही पुष्कळच कमी लागते. एसीची बाहेरची युनिट्स मात्र त्याच दर्शनी भिंतीवर आहेत आणि त्यांच्या शोभेविषयी सूचनेत अवाक्षरही नाही.

समितीची एक तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. वरच्या मजल्यावरील कूलरची टाकी भरून वाहिली की खालच्या सदनिकेच्या भिंतीला ओल येते, गंजलेला स्टँड खाली कोसळू शकतो आणि टाकीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात. शेजाऱ्याला होणारा हा त्रास रोखण्याचा सोसायटीला अधिकारच आहे. शोभेचे कारण मात्र त्या पंक्तीत बसत नाही.

सहकारी संस्थेचा सभासद होताना आपण तिचे उपविधी, म्हणजे संस्थेचे नोंदवलेले नियम, स्वीकारतो, आणि झोरोस्ट्रियन या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही उपविधींना मोठे वजन दिले. मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील नियमांनुसार उपविधीतील बदल आमसभेत दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवल्यावरच अमलात येतो. समितीने फलकावर टाचणीने लावलेला कागद म्हणजे उपविधी नव्हे. शिवाय सोसायट्यांच्या अधिकारालाही मर्यादा आहेत: भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून मनमानी रक्कम वसूल होऊ लागली, तेव्हा शासनाने २००१ मध्ये घर भाड्याने दिल्याबद्दलच्या या बिनभोगवटा शुल्कावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातलीच. (पुण्या-मुंबईच्या मंडळींना कूलरसाठी एवढा आटापिटा विनोदी वाटेल, त्यांनी मे महिन्यात एकदा येऊन राहावे.)

येत्या आमसभेसाठी मी लेखी प्रस्ताव दिला आहे: स्टँड भिंतीत पक्का बसवलेला असावा, टाकीखाली पाणी झेलणारा ट्रे असावा, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी आणि खालच्या घरात ओल आल्यास दुरुस्तीचा खर्च कूलरवाल्याने द्यावा. एसीच्या ठिबकणाऱ्या नळ्यांनाही हेच लागू व्हावे, असे शेवटचे कलम आहे. त्यावर सचिवांनी अजून पोच दिलेली नाही.