पडलेला दात कुठे टाकायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून

'डॉक्टर, पडलेला दात कुठे टाकायचा हो?' दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्याकडे, कुठेही गाठून हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊकच असतं. उंदराच्या बिळात, नाहीतर कौलांवर, आणि टाकताना 'उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे'. पंचाईत अशी की ठाण्यात घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर कौलं नाहीत, बीळ नाही, आणि उंदीर फिरकू नये म्हणून सोसायटीच पेस्ट कंट्रोलला पैसे मोजते. दुसरे असतात ते हसत हसत विचारतात, 'तुमचा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?' त्यांना माझ्या तोंडून 'अंधश्रद्धा' हा शब्द हवा असतो, शक्यतो सासूबाईंच्या देखत.

तर टाका कुठेही. छज्ज्यावर टाका, तुळशीच्या कुंडीत पुरा, टूथ फेअरीसाठी, म्हणजे इंग्रजी गोष्टींतल्या दात नेणाऱ्या परीसाठी, उशीखाली ठेवा. नवा दात त्यामुळे सरळही येत नाही आणि वाकडाही. पटाशीचे कायमचे दात मूल वर्षाचं होण्याआधीच जबड्यात घडायला लागलेले असतात. सहा-सात वर्षांनी ते वर सरकू लागतात तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, शेवटी वरची टोपी तेवढी उरते आणि पोळी चावताना हातात येते. उंदराला गळ घालण्यात मात्र निरीक्षण पक्कं आहे. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. स्पेन आणि फ्रान्समध्येही दात न्यायला उंदीरच येतो. जपानमध्ये खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जोत्याखाली, म्हणजे नवा दात त्या दिशेनं वाढेल. तेव्हा हे फक्त आपल्याच आज्यांचं खूळ आहे, असं समजायचं कारण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की टाकण्याआधी दात बघा. हे दर वेळी सांगते आणि दर वेळी ते ऐकून सोडून दिलं जातं.

आठ वर्षांचा मुलगा, ठाण्यातलीच सोसायटी. पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या मजल्यावर, सायकलवरून तोंडावर आपटला आणि वरचा पुढचा दात अख्खा निखळून बाहेर आला. आजींनी न घाबरता सगळं रीतसर केलं. रक्त थांबवलं, दात नळाखाली घासून धुतला, फडक्यानं पुसला, रडणं थांबावं म्हणून नातवाकडून उंदीरमामा म्हणवून घेतलं आणि खिडकीतून दात पार्किंगच्या पत्र्यावर भिरकावला. 'दुधाचाच होता, पडणारच होता.' आई संध्याकाळी ऑफिसातून आली. तिनं शेजारचा दात पाहिला. रुंद, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला. दुधाच्या दाताची कड अशी नसते. मग वॉचमन शिडी लावून पत्र्यावर चढला. दात मिळाला नाही.

बरं, त्याच जागचा दुधाचा दात आदल्या वर्षी पडून त्याच पत्र्यावर गेला होता. एका जागेचा दुधाचा दात एकदाच पडतो. पण त्या गडबडीत हा हिशोब कोण करणार?

आपोआप पडलेला दुधाचा दात चिमुकला असतो, खालून पोकळ, मूळ जवळजवळ नाहीच. त्या मुलाच्या दाताला लांब, पिवळसर मूळ होतं, असं आजींनीच नंतर सांगितलं. मूळ दिसलं आणि वय सातच्या पुढे असेल, तर तो कायमचा धरून चालायचं. दात पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर गार दुधात हलकेच विसळायचा. घासला की मुळावरचा जिवंत पापुद्रा जातो, आणि दात पुन्हा धरतो तो त्याच पापुद्र्याच्या जोरावर. लगेच खळगीत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला द्यायचा. जमत नसेल तर फ्रीजमधल्या दुधात बुडवून दवाखाना गाठायचा. पाण्यात ठेवायचा नाही, पेशी फुगून फुटतात. कोरडा राहिला तर तासाभरात खेळ आटोपतो, अर्ध्या तासाच्या आत आलात तर उत्तम. आणि खरोखर दुधाचा दात निखळला असेल तर तो परत बसवू नका, खालच्या अंकुराला धक्का बसतो.

त्या मुलाला आता काढता-घालता येणारी कवळी आहे, जबडा वाढेल तशी बदलायची. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवून बसवायचा कृत्रिम दात, वाढ पूर्ण झाल्यावरच, आणि तोवर त्या जागचं हाड बारीक होत जाणार.

इथे कुणीतरी म्हणेलच, 'म्हणजे प्रथाच वाईट.' एके काळी मीही हेच म्हणायचे: उंदीरमामा बंद, फ्रीजवर दातांचा तक्ता लावा. पण तक्ता बघून कुठल्याच पोराचं हलणारा दात पडण्याचं भय गेलेलं नाही, उंदीरमामानं जातं. उलट असंही वाटतं, की टाकायची सवय हाताला नसती तर आजींनी तो दात क्षणभर हातात धरून पाहिला असता. दोन्ही खरं आहे आणि माझ्याकडे निकाल नाही.

माझा राग आहे तो 'पडणारच आहेत' यावर. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कळतच नाही. ती किडते, आणि दुधाची समजून सोडून देतात. ती जन्माची असते. तिच्या पुढची दाढ खरंच दुधाची, पण तिलाही दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायचं असतं. ती लवकर काढावी लागली तर मागची पुढे कलते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. बाळाचे वरचे दात आधी आले तर त्याच्या मामाला जड, असल्या गोष्टींनी मामाचं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. 'पडणारच आहेत'नं काय होतं, ते रोज पाहते.

त्या घरात आता धाकटीचे दात पडतायत. आजी आधी फोटो काढून मला पाठवतात आणि मगच पत्र्यावर टाकतात. मुलीच्या वडिलांना हे सगळं बंदच हवंय, त्यांचाही मेसेज येतो. मूळ नसेल तर माझी हरकत नाही, असं दोघांनाही कळवलंय. वडिलांचं समाधान झालेलं नाही.