दोन ‘तरुण भारत’ आणि एक कात्रण

बेळगावात ‘एमईएस’ म्हटलं की गल्लीतला माणूस सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती समजतो आणि कॅम्पातला ठेकेदार मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. पुण्याची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीही इंग्रजीत एमईएसच, मराठीत मात्र मएसो. बोलताना यात कुणाचं काही अडत नाही. ग्रंथालयाच्या कात्रण विभागात मात्र पदोपदी अडतं. आमच्या ‘एमईएस’ फाइलीत समितीच्या मेळाव्यांच्या बातम्यांना लागूनच लष्करी क्वार्टर्सच्या रंगकामाच्या निविदा निघाल्या. कात्रणं लावणाऱ्याने मथळ्यातली तीन अक्षरं बघितली, खालची बातमी वाचली नाही. ‘किर्लोस्कर’ फाइलीचीही तीच गत. संगीत नाटकवाले अण्णासाहेब आणि कारखानदार लक्ष्मणराव दोघेही आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यात ‘किर्लोस्कर’ मासिकाची भर. नाटक मंडळी, लोखंडी नांगर आणि मासिकाची मुखपृष्ठं एकाच बासनात.

हे सगळं ऐरणीवर आलं ते कोल्हापूरच्या एका संशोधक मुलीमुळे. सीमाप्रश्नाच्या सुरुवातीच्या काळातल्या बातम्यांवर तिचा प्रबंध आहे. 1946 चं साहित्य संमेलन बेळगावात भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला, म्हणून तिला त्या वर्षाची कात्रणं हवी होती. फाइल काढून दिली. जाड तपकिरी कागदावर पिठाच्या खळीने चिकटवलेली कात्रणं, आणि प्रत्येकावर शाईपेनाने दोनच गोष्टी लिहिलेल्या : ‘त. भा.’ आणि तारीख.

“सर, तळटीपेत कुठला तरुण भारत लिहू?” तिने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

‘तरुण भारत’ नावाची वर्तमानपत्रं दोन. बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकूर यांनी 1919 मध्ये सुरू केला. नागपूरचा ‘तरुण भारत’ निराळा. नाव सोडलं तर दोघांचा संबंध नाही. बेळगावातल्या फाइलीत ‘त. भा.’ लिहिलंय म्हणजे बेळगावचाच, असं कुणीही म्हणेल. पण त्या संमेलनाचे अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, आणि ते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. अध्यक्षांचं वर्तमानपत्र त्या दिवसांत इथे कुणी मागवून जपलं असेल, तर त्यावरही ‘त. भा.’च लिहिलं जाणार.

अशा वेळी तीन ठिकाणी बघायचं असतं. पहिली गोष्ट बातमीची सुरुवात. बाहेरगावचं पत्र ‘बेळगाव, ता. अमुक’ असं लिहून बातमी सुरू करतं. गावातल्या पत्राला आपल्याच गावाचं नाव घालायची गरज नसते. दुसरी गोष्ट स्तंभाची रुंदी आणि मथळ्याचा टाइप. ज्याचं मूळ पक्कं ठाऊक आहे असं त्याच सुमाराचं कात्रण शेजारी ठेवून पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, हाताने जुळवण्याच्या काळात छापखान्याचा स्तंभ रोज बदलत नसे. मथळ्यातला ‘ल’, ‘श’, ‘झ’ बघायचा, कारण ही अक्षरं छापखान्यागणिक वेगळी दिसतात. तिसरी आणि सगळ्यांत बोलकी जागा म्हणजे कात्रणाची मागची बाजू. तिथे जाहिरात अर्धीमुर्धी कापलेली असते, पण बेळगावचा ‘खडेबाजार’ किंवा नागपूरची ‘सीताबर्डी’ एवढं एक नाव सापडलं तरी निकाल लागतो.

आणि नेमकी तीच बाजू आमच्याकडून गेली आहे. स्कॅनिंगचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीने फक्त पुढची बाजू घेतली. वर, जी कात्रणं सुटी होती तीही नीटनेटकी दिसावीत म्हणून कोऱ्या कागदावर सिंथेटिक गोंदाने चिकटवून टाकली. खळीने चिकटवलेलं कात्रण पाण्याने सुटतं. या गोंदाचं तसं नाही. ओढलं तर कागद फाटतो, पण गोंद सुटत नाही. कामाचं बिल पानांवर होतं आणि पाहणी करायला आलेल्यांनी फक्त पडद्यावर फोटो स्वच्छ आहे का एवढंच बघितलं. कात्रणाला दोन बाजू असतात हे कंत्राटात लिहायचं कुणालाच सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

त्याच एजन्सीने पुस्तकांच्या नोंदीही संगणकावर चढवल्या. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होऊ नयेत म्हणून जुळणी लावली ती फक्त शीर्षकावर. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र क्रमांक, नाही, म्हणून हा सोपा मार्ग. वि. स. खांडेकरांची 1959 ची कादंबरी ‘ययाती’ आणि गिरीश कार्नाडांचं 1961 चं कानडी नाटक ‘ययाती’ अशी एक झाली, कारण ऑपरेटरने कानडी नावंही देवनागरीतच टाइप केली होती. मराठी कादंबरीचा वर्गांक, म्हणजे भाषा आणि प्रकार सांगणारा ग्रंथालयाचा आकडा, 891.463, कानडी नाटकाचा 894.8142, विलीनीकरणानंतर नाटकाची प्रत पडद्यावर कादंबरीच्या वर्गांकाखाली दिसू लागली. नाटकासाठी नंबर लावलेल्या वाचकाच्या हातात कादंबरी पडली. उलट इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ दोन ठिकाणी विभागलं गेलं, कारण काही प्रतींना ‘युगान्त’ टाइप केलं होतं आणि काहींना ‘युगांत’. संगणकाच्या लेखी अर्धा न आणि अनुस्वार ही दोन वेगळी अक्षरं. महेश एलकुंचवारांचं ‘युगान्त’ नाटक मात्र कर्व्यांच्या एका नोंदीत जाऊन बसलं. म्हणजे एक पुस्तक दोन झालं आणि दोन पुस्तकं एक झाली, तीही एकाच शब्दापायी.

हे उलटवायला ‘अनडू’सारखं बटण नसतं. नवी नोंद करायची, प्रत्येक प्रत हातात घेऊन दाखलनोंद वहीतला, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्यावर त्याला दिलेला, क्रमांक ताडायचा आणि ती प्रत योग्य नोंदीला जोडायची. मुखपृष्ठावर विसंबायचं नाही. शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू बघायची, तिथे लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल मिळतं. पानसंख्या आणि उंची सेंटिमीटरमध्ये. शीर्षकाच्या पुढे कादंबरी की नाटक आणि भाषा हे लिहायचंच. जुन्या साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डांवर हे सगळं होतं, सुवाच्य अक्षरात. ती कार्डं करणाऱ्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती.

कात्रणांकडे परत येतो. बहुतेकांचा उलगडा झाला. काहींवर ‘बेळगाव, ता.’ होतं आणि टाइपही वेगळा, ती नागपूरची. बाकी बेळगावच्या स्तंभाशी जुळली. राहिलं ते ठरावाच्या दिवसाचं कात्रण, म्हणजे मुलीच्या प्रबंधाचा कणा. त्याची वरची ओळ कापताना गेलेली, मथळा नाही, मजकूर कडांवर छाटलेला, त्यामुळे स्तंभ मोजता येत नाही. खाली तपकिरी कागद इतका जाड की मागून दिवा धरला तरी काही दिसत नाही.

बांधणीकाम करणारे मामा म्हणाले, “खळच आहे की ओ. ओला टिपकागद ठेवूया, सुटंल.” त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, तिच्या हिरवट छटेवरून ती ओळखता येते. छापील शाई तेलाची, पाण्याला भीत नाही. पण वरचं ‘त. भा.’ आणि तारीख शाईपेनाची आहे, ती ओलाव्याने पसरणार. मागची बाजू मिळेल, पण तारीख जाईल. शिवाय 1946 चा वर्तमानपत्री कागद घडीवर चुरा होतो.

मुलीच्या मार्गदर्शकांना तळटीपेत एकच गाव हवं आहे. अंदाजाने गाव लिहून द्यायला मी नकार दिला. तिने सध्या ‘तरुण भारत, प्रकाशनस्थळ अनिश्चित’ असं लिहिलंय. मामांना आधी शाई नसलेला खालचा डावा कोपरा, बोटभर रुंदीचा, करून बघायला सांगितलंय. त्याआधी पुढच्या बाजूचा पट्टी ठेवून नवा फोटो काढायचा, शाईच्या ओळीसकट. पाऊस संपून हवा कोरडी झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांनाही पटलंय.