सातव्या रकान्यात काय लिहायचं?

'धर्म म्हणजे काय?' असं विचारलं की आपल्याकडे प्रत्येकाला दहा मिनिटं बोलता येतं. कुणी कर्तव्याकडे वळतो, कुणी माणुसकीकडे, कुणी थेट ज्ञानेश्वरांच्या पसायदानाकडे. 'तुमचा धर्म कोणता?' असं विचारलं की मात्र तोच माणूस पिनकोड सांगावा तसा एका शब्दात मोकळा होतो. पहिल्या प्रश्नाला व्यासपीठ लागतं, दुसऱ्याला रकाना पुरतो. आणि धर्माच्या व्याख्या खरोखर कुठे ठरतात म्हणाल, तर या रकान्यातच.

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक माणसाला २९ प्रश्न होते, त्यांत धर्म सातवा. नाव, नातं, लिंग, वय, लग्न झालंय का, कितव्या वर्षी झालं, हे उरकलं की तो यायचा. रीत सोपी होती. धर्माचं नाव पूर्ण लिहायचं आणि शेजारच्या चौकोनात आकडा घालायचा. हिंदू १, मुस्लीम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. याबाहेरचा कुठला धर्म कुणी सांगितला, तर नाव लिहायचं आणि चौकोन कोरा सोडायचा. म्हणजे ज्या पारशांना १९९३ साली केंद्राने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं आणि जे त्या मोजणीत ५७,२६४ भरले, त्यांचा चौकोन कोरा. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण मोजणीच्या कागदावर आकडा त्यांनाही नव्हता. एका कागदावर नावानिशी मान, दुसऱ्या कागदावर 'इतर'.

प्रगणकाला दिलेल्या सूचना मात्र शहाण्या होत्या. समोरचा सांगेल तो धर्म लिहायचा, वाद घालायचा नाही. नावावरून अंदाज बांधायचा नाही. कुटुंबप्रमुखाचा तोच घरातल्या सगळ्यांचा असं धरायचं नाही, प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. कुणी 'धर्म नाही' म्हणाला तर तेच लिहायचं. व्याख्या शोधत बसलेल्या पंडितांपेक्षा हा नियम मला अधिक प्रामाणिक वाटतो. धर्म काय ते सरकार सांगत नाही, सांगणारा सांगतो. आत देव आहे का, ग्रंथ आहे का, याची चौकशी नाही.

सूचना अशी, आणि दारात घडतं वेगळं. प्रगणक म्हणजे बहुधा प्राथमिक शाळेतले गुरुजी किंवा बाई. हाताखाली सव्वाशे-दीडशे घरं आणि मुदत ९ ते २८ फेब्रुवारी. दार उघडणाऱ्या माणसाला घाई, विचारणाऱ्याला त्याहून जास्त. मग पहिल्या ओळीत जे येतं ते खाली सगळ्यांना 'वरीलप्रमाणे' लागतं. आंतरधर्मीय लग्न करून आलेली सून अशा वेळी एका ओढीत धर्मांतरित होते, आणि ती त्या वेळी नोकरीवर असते. नावावरून ओळखणारे तर हमखास फसतात. कोकणात देशमुख मुसलमान असू शकतो, नगरकडे साळवे ख्रिस्ती आणि रायगडात पेणकर ज्यू. तिसरा घोटाळा सांगणाऱ्याच्या बाजूने होतो. 'धर्म?' म्हटलं की खेड्यात 'मराठा' किंवा 'माळी' असं उत्तर सहज येतं. लिहिणारा मग न विचारता १ टाकून पुढे सरकतो. तो आकडा बरोबर असेलही, पण तो सांगितलेला नसतो, काढलेला असतो.

या रकान्याची ताकद पाहायची असेल तर महाराष्ट्राइतकं चांगलं उदाहरण नाही. १९५१ च्या मोजणीत राज्याच्या आजच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले जवळपास २७ लाख ९० हजार. मधे होता १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस. २०११ साली देशातल्या ८४ लाखांवर बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. एका माणसाने विचारपूर्वक केलेली निवड लाखोंनी उचलली आणि ती दहा वर्षांच्या आत सरकारी कागदावर उमटली, असं जगात फार ठिकाणी झालेलं नाही.

पण त्याच कागदावर सातव्याच्या खाली आठवा रकाना होता, अनुसूचित जात किंवा जमात. अनुसूचित जात फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांनाच लागू. १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदूच होते, सगळे शीख १९५६ साली आले, बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. आणि तिथे जातीचं नाव यादीतलंच हवं. नुसतं 'हरिजन' चालत नाही, 'बौद्ध' ही तर जातच नव्हे. जी जात टाकण्यासाठी धर्म बदलला, तिचं नाव 'बौद्ध' लिहिल्यावर पुढच्याच प्रश्नाला सांगावं लागतं. न सांगावं तर अनुसूचित जातींच्या मोजणीतून गळतो, सांगावं तर मन खट्टू होतं. काही घरांत बाप सांगतो आणि मुलगा सांगत नाही. यात चूक कुणाची, हे ठरवायला रकान्यात जागा नाही.

इंग्रजांना 'सांगेल ते लिहा' पुरेसं वाटत नव्हतं. १९११ च्या मोजणीआधी जनगणना आयुक्त गेट यांनी एक परिपत्रक काढलं. हिंदू म्हणवणाऱ्यांत खरे कोण, हे तपासायला दहा कसोट्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नाहीत का, ब्राह्मणाकडून मंत्र घेत नाहीत का, वेद नाकारतात का, देवळाच्या गाभाऱ्याकडे जाऊ दिलं जात नाही का, विटाळ होतो का, मृतांना पुरतात का, गोमांस खातात का. यातल्या कितीतरी गोष्टी त्या माणसाच्या श्रद्धेबद्दल नाहीतच. त्याच्याशी इतर लोक कसे वागतात, याबद्दल आहेत. गाभाऱ्यात शिरू न देणारे हिंदू, आणि ज्याला शिरू दिलं नाही त्याचं हिंदूपण संशयित! त्याच वेळी मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनी गुजरातेतले दोन्हींकडचे आचार पाळणारे काही समाज 'हिंदू-मुसलमान' अशा जोडगटात घातले, तेही वरच्यांना रुचलं नाही. दोन डगरींवर पाय ठेवलेला माणूस तक्त्यात बसत नाही.

देवळाच्या दाराशी व्याख्या कशी फिरते, ते स्वतंत्र भारतातही दिसलं. १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने दलितांना हिंदू मंदिरं खुली झाली. जानेवारी १९४८ मध्ये अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी दावा लावला की आमचा पंथ हिंदूच नाही, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. अठरा वर्षं खटला चालला. १९६६ च्या जानेवारीत सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी दावा फेटाळला. हे साताऱ्याचे. हिंदू कोण, हे सांगताना त्यांनी आधार घेतला टिळकांचा: 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता, उपास्यानामनियमः'. वेदांना प्रमाण मानणं, साधनं अनेक असणं, आणि कुणाची उपासना करावी याला नियम नसणं. तीनपैकी दोन लक्षणं 'बंधन नाही' असं सांगणारी! निकाल योग्य, यात मला शंका नाही. पण सूत्र बारकाईने लावलं तर वेदाचं नावही कधी न घेतलेली, खंडोबाची तळी भरणारी आजी पहिल्याच चरणात अडकते.

विवाहाचा कायदा या बाबतीत अधिक धूर्त. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम श्रद्धेच्या वाटेला जातच नाही. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज, आर्य समाज यांचे अनुयायी धरून सगळे हिंदू, शिवाय बौद्ध, जैन, शीख. आणि उरलेल्यांसाठी खुबीचं वाक्य: जो मुस्लीम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही, असा कुणीही. वजाबाकीने काढलेली व्याख्या. पक्का नास्तिकही तीत बसतो. मात्र त्याच कलमात पुढे अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय, हा कायदा लागू नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या गोंडाला मोजणीवाल्याने १ दिला, तरी त्याचं लग्न या कायद्याखाली येत नाही.

गोंडांतले बरेच जण आपल्या धर्माला कोया पुनेम म्हणतात. झारखंडातले बरेच आदिवासी सरना म्हणतात, आणि २०११ साली देशभरात ४९ लाखांवर लोकांनी आकडा नसताना हाताने 'सरना' लिहून घेतलं. जैनांच्या आकड्याच्या तुलनेत हे थोडे नाहीत, जैन ४४ लाखांच्या आसपास होते. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने स्वतंत्र सरना संकेतांकाचा ठराव केला. मागणी देवळाची नाही, पैशांची नाही, एका आकड्याची आहे. ज्यांना आकडा आहे त्यांना यात काय एवढं, असं वाटू शकतं.

आचरण पाहून धर्म ठरवू म्हणाल तर गोव्यात चला. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असं तिथले लोक मानतात. एकीकडून दुसरीला तेल जातं, फुलं येतात. सायबिणीच्या फेस्ताला तेल वाहायला हिंदू रांगेत असतात. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांतही ख्रिस्ती नसलेले पुष्कळ. त्यांना विचारा, धर्म एका शब्दात सांगतील, जराही न अडखळता. नवसाची आणि रकान्याची गल्लत त्यांच्या मनात नसते. ती अभ्यासकांच्या मनात असते.

'धर्म नाही' म्हणणाऱ्याला मोजणीत सोपं, राजपत्रात नव्हतं. महाराष्ट्रात नाव बदलण्यासारखीच धर्म बदलल्याचीही राजपत्रात नोंद करता येते. पण या धर्मातून त्या धर्मात जायची वाट होती, कुठेच न जाण्याची नव्हती. काही अर्जदारांनी 'आम्हाला धर्म नाही' अशी नोंद मागितली, शासकीय मुद्रणालयाने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलं की कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा हक्कही माणसाला आहे, आणि सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. उलटा प्रकार १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात होता. त्याखाली लग्न करायचं तर दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, आणि अशीच पुढची यादी. १९५४ च्या कायद्याने ही कटकट गेली, तीस दिवसांची नोटीस राहिली.

पुढची मोजणी १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेची आहे आणि तीत सगळ्यांची जातही विचारली जाणार आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार उत्तर देणं बंधनकारक, पण आपल्या माहितीप्रमाणे किंवा समजुतीप्रमाणे, एवढंच. आठव्या कलमात एक गोड सूट आहे: जिला पतीचं नाव उच्चारायला रूढीने मनाई आहे, तिच्यावर ते सांगायची सक्ती नाही. म्हणजे प्रगणकापुढे उखाणाही घ्यावा लागत नाही. आणि पंधराव्या कलमाप्रमाणे मोजणीच्या वहीतली नोंद कुणाला पाहता येत नाही, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा दारात कुणी आलं, तर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं विचारा, असं आपणच म्हणावं. सून कामावर असेल तर तिला फोन लावून विचारावं. जातीच्या दाखल्यासाठी मात्र त्या उत्तराचा काही उपयोग नाही, त्याला शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे पुरावे जोडून वेगळाच अर्ज करावा लागतो.