बोरमाळेच्या पोटातली लाख

काकूंनी पिशवीतून डबी काढली, डबीतून रुमाल आणि रुमालातून बोरमाळ. ‘‘आजीची आहे, पाच तोळ्यांची. मोडून नातीला काहीतरी कर. जीन्सवर घालता आलं पाहिजे.’’

काट्यावर ५७.८४० ग्रॅम भरली. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा, म्हणजे हिशेब बरोबर. तोच आकडा मी पावतीवर लिहिला आणि घोळ केला. दागिन्यांची डिझाइन्स करायला लागून अकरा वर्षं झाली, पण माझं बहुतेक काम कॅडवर चालतं. स्क्रीनवर काढा, मेणात छापा, ओतून घ्या. बोरमाळेचे मणी लाखेवरचे असतात, म्हणजे आत लाख आणि वर सोन्याचा पातळ पत्रा, हे माहीत होतं. पावती फाडताना सुचलं नाही.

काकूंनी आधी एका दुकानात मशीनवर सोनं तपासलं होतं. बावीस कॅरेटला जरा कमी. पण मशीन वरचा पत्रा वाचतं, पोटातलं त्याला दिसत नाही. त्यामुळे पाच तोळ्यांची रक्कम त्या घरूनच काढून आल्या होत्या.

मोड गलाईला, म्हणजे वितळवायला, द्यायच्या आधी एक नमुना मी गिऱ्हाइकासमोर तापवून बघते. आमच्या कारागीरदादांनी माळ सोडवली. ४४ मणी. एक मणी १.२८० ग्रॅम. चिमट्यात धरून मंद आचेवर नेला तर भोकातून तपकिरी-लाल लाख बाहेर यायला लागली, धुरासकट. रिकामा मणी ०.५४० भरला.

गुणाकार काकूंनी माझ्याआधी केला. ‘‘म्हणजे दोनच तोळे? मग तू पावतीवर सत्तावन्न कसे लिहिलेस?’’

चूक माझीच होती, तसं सांगितलं. पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. ‘‘माझी आजी आयुष्यभर लाख मिरवत होती का गं?’’

काय बोलावं कळेना. दादांनी दुसरा मणी उचलला आणि करवतीने मधोमध कापायला घेतला. मधेमधे पाण्याचा थेंब, कारण पातं तापलं की लाख दातांत बसते. दोन वाट्या झाल्या. कडेला सोन्याची कागदाएवढी रेघ, आत गच्च भरलेली लाल लाख. दादांनी रिकामा मणी बोटांत दाबला. तो अंड्याच्या टरफलासारखा चेपला. भरलेल्या मण्याला मात्र इतक्या वर्षांत पोचा नव्हता.

काकू त्या वाट्यांकडे बघत राहिल्या. मीही. एवढा चांगला लाल रंग माझ्याकडच्या कुठल्या खड्यात नव्हता.

त्याच वाट्यांची कानातली केली, कापलेली बाजू समोर. लाखेजवळ झाळणं, म्हणजे आचेवर सांधा जोडणं, शक्य नाही, म्हणून १८ कॅरेटची चौकट वेगळी बनवली आणि वाटी थंडच बसवून तिला धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या नख्या वळवल्या. पहिल्या खेपेला नखी जोरात दाबली गेली, लाखेची कपची उडाली. काकूंना दाखवली तर म्हणाल्या, राहू दे.

उरलेले ४२ मणी न मोडता पुन्हा ओवले. पैसे देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘त्या पहिल्या मण्यातली लाख टाकली नाहीस ना?’’

चेपलेल्या मण्यासोबत ती पुडीत ठेवली होती. वजन केलं, ०.६९०. थोडी धुरात गेलेली. या वेळी पावतीवर दोन ओळी लिहिल्या, सोनं वेगळं, लाख वेगळी. काकूंनी चष्मा लावून दोन्ही वाचल्या आणि पुडी रुमालात बांधली.