उभं इंजिन

फोंड्यात दुपारी दीड ते चार कुणी कुणाला हाक मारत नाही. दुकानांची शटरं खाली, हुमण-शीत पोटात, पंखा पाचावर. अशा वेळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक डिझेल इंजिन सुरू झालं. आधी नुसती बारीक घरघर, मग एक खोकला, मग धगधग. ती जरा स्थिरावते न स्थिरावते तोच दुसरा खोकला आणि दुसरी धगधग. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, या वेळेला मिक्सर कसला लावताय?"

मिक्सर नव्हता. माझा मावसभाऊ तारवटी. या खेपेला त्याचं जहाज हँबुर्गला लागलं होतं. तिथं एका जुन्या गोदामात जगातली सगळ्यात मोठी छोटी रेल्वे आहे. ती पाहून तो असा काही हरखला की जाताना एक इंजिन विकतच घेऊन आला. घरी आल्यावर बायकोनं किंमत विचारली, तेव्हा ते "दादासाठी आणलंय" असं ठरलं. म्हणून ते माझ्याकडं आलं. बॅगेत मावले तेवढेच रूळ बरोबर आले, हात-दीड हात.

व्ही-२०० हे त्याचं नाव. खरी व्ही-२०० जर्मनीत १९५३ पासून धावली. लाल अंग, गोलसर कपाळ, आणि पोटात एक सोडून दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी बारा सिलिंडरची. माझ्या टेबलावर आधी एक खोकतं आणि मग दुसरं, ते म्हणूनच. खरी १८ मीटरहून लांब. ही १:८७ या मापाची, म्हणजे जेमतेम २१ सेंटीमीटर. पण त्या २१ सेंटीमीटरात काय काय बसवलंय! दारापाशी चढायच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना केसाएवढे बारीक दांडे, काचेवरचे वायपर, आणि खाली कडेला काहीतरी इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं की वाचायचा चष्मा लावून त्यावर भिंग धरलं तेव्हा कुठं आकडे दिसले. मी जर्मन नाही, तरी ते आकडे वाचता आल्याचा मला फार आनंद झाला. सांगायला कुणी जागं नव्हतं.

बटणं बरीच आहेत. शून्याला दिवे, एकाला इंजिन, दोनाला भोंगा. पुढं ब्रेकची किंचाळी, पंखा, कंप्रेसरची फुसफुस, गार्डची शिट्टी, आणि एक जर्मन बाईंची घोषणा. ती आमच्या घरात कुणाला कळत नाही आणि येणारा प्रत्येक पाहुणा तेच बटण दाबतो.

मी फक्त एक नंबरचं बटण दाबतो. इंजिन सुरू करायचं आणि उभं ठेवायचं. बस्स. घरचे म्हणतात, अहो चालवा की. भाच्याचा मुलगा तर रडकुंडीला येतो, "आजोबा, पळव ना!" पळवायचं कुठं, हात-दीड हात रुळावर? ही माझी सबब. खरं तर पूर्ण घराला फेरी घालतील एवढे रूळ दिले तरी मी ते उभंच ठेवीन. धावणाऱ्या इंजिनात मला काही विशेष वाटत नाही. धावायला काय, बसही धावते. चालू असून उभं असलेलं इंजिन ही वेगळीच चीज आहे.

आणि गंमत म्हणजे खेळण्यातल्या इंजिनाला हे अगदी अलीकडे जमू लागलं. पूर्वीच्या विजेवरच्या गाड्यांत रुळातली वीज म्हणजेच वेग. वीज वाढवली की गाडी पळणार, शून्यावर आणली की थांबणार, आणि थांबली की मेली; दिवाही विझला. १९९० च्या दशकात लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं सगळ्यांसाठी एक नियम घालून दिला, आणि तिथून चित्र पालटलं. आता रुळांत वीज कायम सारखीच खेळती असते. तिच्याच उलटसुलट होण्यातून निरोप जातो: नंबर तीन, दिवे लाव. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर असतो. तो आपला नंबर ऐकू आला तरच हलतो, दुसऱ्याचा असेल तर गप्प बसतो. (पंचायतीच्या सभेला ही सोय कुणीतरी करायला हवी.) तर त्या डिकोडरमुळं इंजिन जागेवर उभं राहून जिवंत असू शकतं. खऱ्या इंजिनाजवळ माइक धरून घेतलेले आवाज त्यात भरलेले असतात. इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागाहून हलते, तेवढा उशीरसुद्धा ठरवून ठेवता येतो. हा उशीर ज्यानं सुचवला त्याला रेल्वे कळत होती.

कारण मी जो उशीर ऐकत मोठा झालो तो घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनातला.

मला बस लागायची. फोंड्यात स्टेशन नाही, आजोळ बेळगावला, आणि अनमोडचा घाट बसनं चढायचा म्हणजे आईच्या दोन साड्या आणि शेजारच्या माणसाची सहनशक्ती खर्ची पडायची. तेव्हा बाबा आम्हाला कसेबसे कुळ्यापर्यंत नेत आणि पुढं मिरजेच्या गाडीत बसवत. मीटरगेजचे, अरुंद रुळांचे दिवस. पोर्तुगीज काळातली, १८८० च्या दशकातली ती लाईन, कुळ्यापर्यंत साधीभोळी आणि तिथून कॅसलरॉकपर्यंत ३७ फुटांना एक फूट चढणारी. एका इंजिनाचं काम नव्हे. म्हणून कुळ्याला गाडी थांबायची आणि मागून आणखी इंजिन लागायचं. बँकर. ते लागेपर्यंत, ब्रेकचे पाईप जोडेपर्यंत, कुणाची तरी सही होईपर्यंत किती वेळ जायचा ते स्टेशनमास्तरालाच ठाऊक.

तेवढा वेळ इंजिनं सुरूच. डिझेल इंजिन असं उठसूट बंद करत नसत. ते पुन्हा सुरू करायचं म्हणजे बॅटऱ्यांचा जीव काढायचा. शिवाय ब्रेकची यंत्रणाही इंजिनावरच चालते. सहा सिलिंडरचं वायडीएम-४, अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं. त्याचा उभ्या उभ्या येणारा आवाज लिहून दाखवता येत नाही. ढुगढुग म्हणावं तर मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा, आणि तो चुकला की मी श्वास धरायचो. मागचं इंजिन लागलं की दोन आवाज व्हायचे, आणि ते कधी जुळत नसत. आमचा डबा मध्ये कुठंतरी. मी खिडकीच्या लोखंडी गजाला कपाळ टेकवायचो. मग आवाज कानातून येणं बंद व्हायचं आणि दातांतून यायला लागायचं. खालचे दात वरच्यांवर हलके ठेवले तर ते आपोआप कटकट वाजत. मावशी म्हणायची, "कपाळ काढ तिथून, काजळी लागेल." काजळी लागायचीच. चहाच्या ग्लासात वरच्या बाजूला गोल गोल वळ्या उठायच्या आणि मी चहा न पिता त्याच बघत बसायचो.

मग पुढचं इंजिन शिटी द्यायचं. मागचं ओ द्यायचं. आवाज चढायचा, आणखी चढायचा, आणि गाडी तरीही जागेवरच. त्या दोन-तीन क्षणांत सगळं आजोळ मावायचं. गाडी हलली की माझं लक्ष संपलं. दूधसागर बघायला सगळा डबा डाव्या-उजव्या बाजूला लवंडायचा तेव्हा मी बऱ्याचदा झोपलेला असायचो. हे अजून कुणाला पटत नाही.

टेबलावरच्या व्ही-२०० समोर पहिल्या दुपारी मी हेच करून पाहिलं. बायको झोपली आहे याची खात्री करून टेबलाला कपाळ टेकवलं. काही नाही. थोडी गुणगुण, बस्स. कान म्हणतो इंजिन आहे, दात म्हणतात छे.

यावर मी बराच विचार केला, कारण निवृत्त माणसाला दुपारी दुसरं काय काम असतं. लांबी ८७ पट लहान झाली, रुंदी झाली, उंची झाली. वजनसुद्धा तसंच धरलं तर ८० टनांचं इंजिन सव्वाशे ग्रॅमच्या आत यायला हवं. रुळाला पकड राहावी म्हणून धातू भरून ते मुद्दाम जड करतात, ते सोडा. पण आवाजाचं काय करायचं? पोटात जाणवणारा खर्ज म्हणजे सेकंदाला पन्नासेक कंपनं, आणि त्यातली एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. आमच्या हॉलपेक्षा मोठी. नखाएवढ्या स्पीकरनं ती ढकलायची कशी? आणि माप पाळायचंच म्हणून आवाजही ८७ पट बारीक केला, तर पन्नासाचे चार हजारांवर जातात, म्हणजे डिझेल इंजिनाचा रातकिडा होतो. कारागीर शहाणे. त्यांनी तिथं माप सोडलं आणि खर्जही सोडला. वरवरचा आवाज ठेवला, बाकीचं ज्यानं ऐकलंय तो स्वतःच भरून घेईल म्हणून. भाच्याच्या मुलानं ऐकलेलं नाही. त्याला ते मिक्सरच वाटतं.

त्याला आता ऐकायलाही कुठं मिळणार! मीटरगेज १९९० च्या दशकातच गेलं. कोकण रेल्वेवर डिझेल होतं, करमळीच्या फलाटावर मी त्यासाठी उगीच जाऊन बसायचो. २०२२ पर्यंत तिथंही सगळीकडं तारा आल्या. वाराणसीच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या नावात 'डिझेल' होतं, तेही २०२० मध्ये काढलं. विजेचं इंजिन वाईट नाही. धूर नाही, काजळी नाही, मावशी असती तर खूश झाली असती. ते उभं असलं की पंखे तेवढे घोंघावतात. गजाला कपाळ टेकवावं असं काही त्यात नाही, आणि वातानुकूलित डब्याला गज तरी कुठं आहेत.

परवा वेळसांवचा एक मित्र आला होता. आम्ही एकाच बँकेत नोकरी केली. मी हौसेनं त्याला इंजिन लावून दाखवलं, दिवे दाखवले, जर्मन बाई ऐकवली. तो थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बंद कर रे तें. घरांतूय तेंच, हांगाय तेंच."

त्याचं घर वास्कोच्या लाईनला लागून आहे. कोळशाची मालगाडी रात्री जाते तेव्हा कपाटातले ग्लास एकमेकांना लागून वाजतात, म्हणून त्यांनी मध्ये मध्ये कागद घातलेत. पलंगावर झोपलेल्या माणसाला गाडी माजोर्ड्याच्या बाजूनं येतेय की वास्कोच्या, ते पाठीतून कळतं. हॉलच्या भिंतीला चीर गेली आहे. चिरेच्या टोकाशी तो पेन्सिलीनं तारीख घालून ठेवतो; पुढं सरकली की नवी तारीख. मी विचारलं, किती तारखा झाल्या? तो म्हणाला, मोजत नाही, लिहितो फक्त.

मी एक नंबरचं बटण दाबलं. दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ थांबली. चहा आला. तो म्हणाला, आता दुपदरीकरण करतात ना, आमचा गाव नको म्हणतोय त्याला. झालीच तर दुसरी लाईन आमच्या विहिरीच्या अंगानं जाणार.